बायपासची तारीख येईपर्यंत

अँजिओग्राफी झाली की डॉक्टर नातेवाइकांना आत बोलावतात, स्क्रीनवर हृदयाच्या रक्तवाहिन्या दाखवतात आणि सांगतात, ‘तीन ठिकाणी ब्लॉकेज आहे, बायपास करावी लागेल.’ पुढची दहा मिनिटं ते बरंच काही समजावतात, पण त्यातलं फारसं कुणाच्या डोक्यात शिरत नाही. प्रश्न सुरू होतात ते घरी पोचल्यावर. इतकं गंभीर आहे तर आजच का नाही करत? आणि तीन आठवडे थांबून चालणार असेल, तर बायपास खरंच हवी आहे का?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, दोन्हींना उत्तरही आहे. ते वेळेवर मिळालं नाही की मधले दिवस फार वाईट जातात. खाजगी रुग्णालयात हा काळ चार-सहा दिवसांचा असतो. सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात तो आठवड्यांचा असतो, कधी महिन्यांचाही. त्या दिवसांत पेशंटचं आणि घरच्यांचं काय होतं, काय करता येतं आणि काय करू नये, याबद्दल हा लेख आहे.

कोणाचा नंबर आधी

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळ्या हृदयाच्या बाहेरच्या अंगावरून जातात. डावीकडची मुख्य नळी थोड्याच अंतरावर दोन मोठ्या फाट्यांत विभागते आणि उजवीकडची एक वेगळी असते. रिपोर्टवर ‘थ्री व्हेसल डिसीज’ लिहिलेलं असतं त्या या तीन. किती ब्लॉकेज आहेत याचीच घरात चर्चा होते, पण घाई ठरते ती प्रामुख्याने अडथळा कुठे आहे यावर. फाटे फुटायच्या आधीच, म्हणजे ‘लेफ्ट मेन’मध्ये, मोठा अडथळा असेल तर हृदयाच्या फार मोठ्या भागाचं रक्त एकाच जागी अडलेलं असतं. अशा पेशंटला बहुधा घरी सोडत नाहीत, सोडलं तरी तारीख लगेचची देतात. बसल्या जागी, झोपेत छातीत दुखणाऱ्यांचंही तसंच.

याउलट, जिना चढताना छाती भरून येते, थांबलं की दोन-चार मिनिटांत बरं वाटतं, आणि हे गेले कित्येक महिने त्याच पातळीवर आहे, अशा पेशंटची प्रकृती डॉक्टरांच्या भाषेत ‘स्टेबल’ असते. त्याला बायपास हवीच आहे, पण गोळ्या चालू ठेवून काही आठवडे थांबण्यातला धोका कमी असतो. त्या आठवड्यांत साखर ताब्यात आणणं, रक्त पातळ करणारी एखादी गोळी थांबवणं, छातीतला कफ कमी करणं ही कामं होतात. थांबणं दर वेळी खाट रिकामी नसल्यामुळेच असतं असं नाही.

म्हणजे ही रांग रेशनच्या दुकानासारखी आधी आला त्याला आधी अशी चालत नाही. आपल्यानंतर ॲडमिट झालेला माणूस आपल्याआधी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जातो तेव्हा घरच्यांना पहिली शंका वशिल्याची येते. वशिला आपल्याकडे कधीच चालत नाही असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. पण बहुतेक वेळा कारण त्या माणसाच्या अँजिओग्राफीत असतं. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात हृदयशस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीतल्या पेशंटची निकड ठरलेल्या निकषांवर मोजायची पद्धत १९९०च्या दशकातच रुजली. आपल्याकडे हा हिशोब सर्जनच्या डोक्यात असतो, त्यामुळे तो विचारून घ्यावा लागतो.

विचारायचं काय, तेही आधी ठरवून जावं, कारण ओपीडीत पाच मिनिटं मिळतात. आमचं ऑपरेशन किती तातडीचं आहे, घरी किती दिवस थांबणं सुरक्षित आहे, कोणता त्रास झाला तर तारखेची वाट न पाहता यायचं आणि आलो तर कुठल्या दारातून, कोणाला फोन करून. शेवटचा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि रात्री दोन वाजता नेमका तोच उपयोगी पडतो. उत्तरं तिथेच कागदावर लिहून घ्यावीत आणि घरातल्या एकाच माणसाने ते कागद सांभाळावेत. अँजिओग्राफीची सीडी फाइलमध्ये आहे ना हेही बघावं, कारण दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर कागदी रिपोर्टपेक्षा ती सीडीच लागते. दुसरं मत जरूर घ्यावं, पण पहिल्या आठवड्यातच. तारखेच्या आदल्या दिवशी तिसऱ्या सर्जनकडे धावणाऱ्यांच्या पदरी गोंधळच पडतो.

‘त्यांना सांगू नका’

आपल्या घरांमधली ही सगळ्यात जुनी खोड. डॉक्टर केबिनमध्ये बोलत असतात आणि मुलगा डोळ्यांनी खुणावतो की वडिलांसमोर नको. मग वडिलांना सांगितलं जातं, ‘छोटंसं ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी.’ वडील आयुष्यभर माणसं ओळखत आलेले असतात. फाइल उशीखाली जाते, फोन गॅलरीत घेतले जातात, पुण्याची लेक रजा टाकून येते, यावरून त्यांना काय समजायचं ते समजतं. फक्त आता ते विचारू शकत नाहीत, कारण विचारलं तर पोरं घाबरतील.

दडवादडवी दुसऱ्या बाजूनेही चालते, आणि ती जास्त धोक्याची. पेशंट आपलं दुखणं लपवतो. बाथरूममध्ये जाऊन छातीतल्या दुखण्यावरची सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवतो आणि तोंड धुऊन बाहेर येतो. बायको काही बोलत नाही, पण रात्री तो झोपल्यावर टेबलावरच्या पट्टीतल्या गोळ्या मोजते. काल सात होत्या, आज पाच. दोघांनाही माहीत असतं, दोघंही गप्प. अशा घरात पेशंटची तारीख आधी घ्यायला हवी हे सर्जनला कळणार कसं? आधी दोन जिने चढल्यावर दुखायचं, आता अंघोळ करतानाही दुखतं, हा बदल म्हणजे तातडीची खूण. ती लपवणं म्हणजे रांगेतली आपली जागा आपणच मागे सारणं.

त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की पेशंटला सांगावं. एका बैठकीत सगळं सांगायची गरज नाही, आकड्यांचा मारा नको, पण खोटं नको. आणि ‘काही होत नाही हो’ हे वाक्य शक्य तितकं कमी वापरावं. ते बोलणाऱ्याला बरं वाटतं, ऐकणाऱ्याचं तोंड मात्र बंद होतं. त्यापेक्षा ‘तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते?’ असं विचारून बघा. मरणाची भीती असतेच, पण तिच्याआधी पुष्कळदा दुसरंच काही बाहेर येतं. सोसायटीचं कर्ज कोण फेडणार. सातबाऱ्यावर भावाचं नाव अजून तसंच आहे. मधेच भूल उतरली तर? नंतर लघवीलाही दुसऱ्याने न्यावं लागलं तर? यातल्या निम्म्या गोष्टींवर त्याच आठवड्यात काहीतरी करता येतं. बँकेतलं नॉमिनेशन, विम्याचे कागद, मृत्युपत्र हे विषय घरात अभद्र मानले जातात. प्रत्यक्षात एकदा ते कागद झाले की पेशंटलाच शांत झोप लागल्याचं दिसतं.

जर्मनीतल्या मारबुर्गला झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बायपास होऊ घातलेल्या १२४ पेशंटचे तीन गट केले. एका गटाशी ऑपरेशनआधी मानसोपचारतज्ज्ञ थोडा वेळ बोलले, काही वेळा फोनवरून. विषय असा की ऑपरेशनने तुमच्यात काय बदल होईल, सहा महिन्यांनी तुम्ही काय करत असाल, त्यासाठी पहिलं पाऊल कोणतं. सहा महिन्यांनी पाहिलं तर नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा या लोकांची रोजच्या कामातली अडचण कमी झालेली होती. आपल्याकडे असा तज्ज्ञ मिळणं कठीण, पण संभाषण घरच्यांना करता येतं. ‘दिवाळीपर्यंत तुम्ही शेतावर चालत जाल, पण नांगराला हात लावायचा नाही’ हे ‘सगळं ठीक होईल’पेक्षा कितीतरी जास्त धीर देणारं आहे.

आणि भेटायला येणाऱ्यांना जरा आवरा. आमच्या साडूंचं तर टेबलावरच असं झालं, इथपासून अमुक गावचा काढा घेतला आणि ब्लॉकेज विरघळलं, इथपर्यंत सगळं ऐकवून, चहा पिऊन ते निघून जातात. मुख्य वाहिनीतला अडथळा विरघळवणारा काढा अस्तित्वात नाही. अर्जुनसाल, लसणाच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या गोळ्या घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा, कारण अशा काही गोष्टींचा रक्तस्रावावर परिणाम होऊ शकतो. ‘आयुर्वेदिकच तर आहे’ म्हणून बरेच जण सांगत नाहीत.

रात्री दुखलं तर

मधल्या दिवसांतली अर्धी भीती या एका प्रश्नाभोवती असते, आणि तिच्यावर उपाय म्हणजे आधी पाठ केलेला क्रम. छातीत, जबड्यात, डाव्या हातात किंवा पोटाच्या वरच्या भागात दाटून आलं, घाम सुटला, तर हातातलं काम टाकून आधी बसायचं. उभ्याने गोळी घ्यायची नाही, कारण जिभेखालच्या गोळीने रक्तदाब एकदम खाली येतो आणि माणूस पडतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी जिभेखाली, गिळायची नाही. पाच मिनिटांत कमी झालं नाही किंवा वाढलं, तर १०८. स्वतः स्कूटर काढायची नाही, मुलगा येईपर्यंत थांबायचं नाही, गॅस असेल म्हणून सोडा प्यायचा नाही. गॅसच निघाला तर उत्तमच, पण ते ईसीजीला ठरवू द्या.

एक गोष्ट संकोचामुळे राहून जाते. व्हायग्रासारखी लैंगिक उत्तेजनाची गोळी घेतलेली असेल तर सॉर्बिट्रेटने रक्तदाब जीवघेण्या पातळीपर्यंत घसरू शकतो. डॉक्टरांना हे खाजगीत सांगून ठेवावं.

हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनची वाट पाहणाऱ्यांचं चित्र वेगळं असतं. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाती तापाने झडप खराब झालेले पेशंट अजून बरेच आहेत, त्यांत तरुण बायका पुष्कळ. त्यांना दुखण्यापेक्षा दम जास्त लागतो. रात्री दोन-तीन उशा घेऊन झोपावं लागतं, पायावर सूज येते. त्यांच्यासाठी सगळ्यात चांगलं यंत्र म्हणजे साधा वजनकाटा. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे, आणि डॉक्टरांना फोन करायचा. पापड, लोणचं, फरसाण, वरून घेतलेलं मीठ हे सगळं या पाण्याला आमंत्रण. दातांची तपासणीही याच काळात उरकावी, कारण किडक्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात. हृदयाच्या ऑपरेशनसाठी आलो आणि दातांच्या डॉक्टरकडे का पाठवताहेत म्हणून चिडणाऱ्यांना हे आधी कोणी सांगितलेलं नसतं.

हातात असलेलं काम

वाट पाहताना सगळ्यात जास्त खातं ते रिकामपण. कॅनडातच हॅमिल्टन इथे झालेला, २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला त्यासाठी फार आवडतो. बायपासच्या यादीतल्या, कमी धोक्याच्या २४९ पेशंटपैकी निम्म्यांना आठ आठवडे आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली व्यायाम दिला, माहिती दिली आणि महिन्यातून एकदा नर्स त्यांना फोन करायची. ऑपरेशननंतर हे लोक बाकीच्यांपेक्षा एक दिवस आधी घरी गेले, आयसीयूतही कमी राहिले, आणि वाट पाहण्याचे दिवसही त्यांचे बरे गेले. नवं औषध नाही, महागडं यंत्र नाही.

घरी काय करता येईल? चालणं, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तरच, सपाट रस्त्यावर, दुखायला लागण्याच्या बरंच अलीकडे थांबायचं आणि जेवणावर लगेच नाही. लेफ्ट मेनच्या पेशंटने हा प्रयोग करू नये. तंबाखू, मिश्री, विडी बंद, आजपासून. ‘ऑपरेशननंतर सोडतो’ म्हणणाऱ्या माणसाची फुप्फुसं भुलीनंतर कफाने भरतात आणि व्हेंटिलेटरवरचे दिवस वाढतात. मिश्री लावणाऱ्या बायका तिला तंबाखूत धरतच नाहीत, त्यांना वेगळं विचारावं लागतं.

तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं श्वासाचं खेळणं बहुतेक रुग्णालयं देतात, पण बऱ्याचदा ऑपरेशननंतर. ते आधीच आणावं. तोंडात नळी धरून श्वास हळूहळू आत ओढायचा, चेंडू वर जातात, तिथे क्षणभर धरायचे. फुंकर मारायची नाही, निम्मे लोक तीच मारतात. छातीचं हाड कापलेलं असताना हे पहिल्यांदा शिकणं त्रासाचं, आधी शिकलेलं हात आपोआप करतात.

खोकायचं आणि उठायचं हेही शिकून ठेवावं. उशी छातीशी दोन्ही हातांनी घट्ट आवळायची आणि मग खोकायचं, म्हणजे तारेने बांधलेल्या हाडावर ताण कमी येतो. पलंगावरून उठताना आपण दोन्ही हात मागे टेकून उठतो, ते पुढचे दीड-दोन महिने बंद. त्याऐवजी आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्या वजनाने वर यायचं. नवरा-बायकोने रोज संध्याकाळी ही तालीम केली तर हसायलाही येतं, आणि त्या घरात त्या आठवड्यात हसण्याची फार टंचाई असते.

गोळ्यांबद्दल एकच नियम, पण कडक. स्वतःच्या मनाने काही थांबवायचं नाही आणि काही चालू ठेवायचं नाही. रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालू ठेवतात, मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या निदान तीन दिवस आधी बंद करतात. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं, म्हणून तारखांसकट लिहून घ्या. शेजारच्या पेशंटची चिठ्ठी आपल्याला लागू नसते. उपासाचंही विचारून घ्या. मधुमेहाची गोळी घेऊन निर्जळी एकादशी केली तर साखर धाडकन खाली येते आणि साबुदाण्याच्या खिचडीने तितकीच वर जाते.

पैसे, रक्त आणि कागद

पुष्कळ घरांत भीतीपेक्षा खर्चाने झोप उडालेली असते. महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, आणि २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. बायपास, झडपेचं ऑपरेशन तिच्यात बसतं, पण फक्त योजनेतल्या रुग्णालयांत. तिथे आरोग्यमित्राचा टेबल असतो, कागद तो बघतो, मग पूर्वमान्यतेसाठी प्रस्ताव जातो. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तर मान्यता अडकू शकते, म्हणून हे पहिल्याच दिवशी तपासावं. योजनेत नसलेल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना निर्धन पेशंटसाठी दहा टक्के आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा ठेवाव्या लागतात. या खाटांबद्दल बिलिंग काउंटरवर विचारू नका, समाजसेवा अधीक्षक किंवा मेडिकल सोशल वर्कर कुठे बसतात ते शोधा. घर विकण्याआधी तिथे जायला हवं. लोक नंतर जातात.

रक्तदाते आणायला सांगितलं की घरात पळापळ होते. बहुतेक वेळा ते रक्त पेढीचा साठा भरून काढण्यासाठी असतं, त्यामुळे दात्याचा गट पेशंटच्या गटाशी जुळायलाच हवा असं नाही. रक्तपेढीत एकदा विचारलं तर अर्धं दडपण उतरतं. मुलाचं रक्त बापालाच चढवायचं, हा हट्ट सिनेमातून आलेला आहे. जवळच्या नात्यातलं रक्त डॉक्टर उलट टाळतात.

सोबत करणाऱ्याचं काय

‘पेशंट कसा आहे?’ सगळे विचारतात. त्याच्या बायकोला कोणी विचारत नाही. ती रात्री तीनदा उठून त्याचा श्वास चालू आहे का बघते, दिवसा डबा, औषधं, पाहुणे, आणि या गडबडीत स्वतःची बीपीची गोळी विसरते. पेशंटच्या निदान बरोबरीने, कधी जास्तच, काळजी सोबत्याला असते, हे हृदयरुग्णांच्या कुटुंबांवरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पेशंटला डॉक्टर आहेत, तारीख आहे, गोळ्या आहेत. तिच्याकडे फक्त जागरण.

इथे उपदेश कमी आणि वाटणी जास्त हवी. रात्रीची पाळी एक दिवसाआड दुसऱ्या कुणी घ्यायची. अमेरिकेतल्या मुलाने रोज व्हिडिओ कॉल करून ‘डॉक्टर काय म्हणाले, नीट विचारलंस का’ अशी उलटतपासणी घेण्यापेक्षा नातेवाइकांच्या ग्रुपवर दिवसातून एकदा खबर टाकायचं काम अंगावर घ्यावं. तेवढ्याने आईचे रोजचे वीसेक फोन वाचतात. बाहेरगावाहून परळच्या केईएमसारख्या ठिकाणी आलेल्यांची तर गोष्टच वेगळी. मुंबईत राहायला जागा नाही, गावाकडे पेरणी अडलीय, आणि तारीख ‘उद्या कळेल’. त्यांनी पहिल्या दिवशी धर्मशाळांची चौकशी करावी आणि ऑपरेशनआधीच्या आठवड्यात सगळ्यांनी एकदम येण्याऐवजी एकेकाने यावं. खरी माणसं नंतर लागतात, पेशंट वॉर्डात आल्यावर.

दोन प्रतीक्षा याहून निराळ्या आहेत, त्यांच्याबद्दल थोडंच. एक लहान मुलांची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी-शाळेतल्या तपासणीत हृदयाचं छिद्र सापडतं आणि डॉक्टर म्हणतात, ‘थांबू.’ आईबापांना ती टाळाटाळ वाटते. पण काही छिद्रं वाढत्या वयात आपोआप बुजतात आणि काहींसाठी मूल जरा मोठं झालेलं बरं असतं. निळं पडणाऱ्या बाळाचं तसं नाही. त्याचा श्वास वाढून ओठ काळेनिळे झाले की गुडघे छातीशी दुमडून जवळ घ्यायचं आणि तसंच रुग्णालय गाठायचं, हे त्या आईला तारखेआधी शिकवलेलं असलं पाहिजे.

दुसरी, हृदय प्रत्यारोपणाची. भारतात ते पहिल्यांदा यशस्वी झालं ३ ऑगस्ट १९९४ रोजी, दिल्लीच्या एम्समध्ये. त्याआधी १९६८ मध्येच केईएमला डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी प्रयत्न केला होता, पेशंट वाचला नाही. आज राज्यात मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या अवयव प्रत्यारोपणाच्या विभागीय समन्वय केंद्रांकडे यादी असते. इथे तारीख नसतेच, असतो तो फोन. काढलेलं हृदय साधारण चार तासांत बसवावं लागतं, म्हणून रुग्णालयापासून लांब जाता येत नाही. आणि आपण कुणाच्या तरी मरणाची वाट पाहतोय ही टोचणी असते, ती कोणी बोलून दाखवत नाही. ते मरण या यादीमुळे होत नाही, ते होणारच असतं. त्या घराने त्या दिवशी अवयव देण्याचा निर्णय घेतलेला असतो, एवढंच.

तारीख पुढे गेली

याची तयारी मनात ठेवाच. उपाशी ठेवलं, केस काढले, आणि अकरा वाजता सिस्टर सांगतात, आज नाही. रात्री महाधमनी फाटलेला पेशंट आला, आयसीयूत खाट नाही, ताप आला, लघवीत जंतू सापडले, साखर वर गेली, प्लेटलेट मिळाल्या नाहीत. ओरडा करून खाट तयार होत नाही. कारण कोणतं ते विचारा, नवी तारीख विचारा आणि थांबवलेल्या गोळ्या पुन्हा सुरू करायच्या का हे न विसरता विचारा. क्लोपिडोग्रेल पाच दिवस बंद, तारीख आणखी आठ दिवसांनी, आणि मधल्या काळात काय हे कोणीच ठरवलं नाही, ही चूक महागात पडते. काही वेळा तारीख घरचेच पुढे ढकलतात, पितृपक्ष आहे, अमावस्या आहे, पुतणीचं लग्न आहे म्हणून. पेशंट स्टेबल असेल तर सर्जन कधी कधी आठवडाभर थांबायला तयार होतात. लेफ्ट मेन असताना पंचांग बाजूला ठेवा.

आदल्या रात्री संमतिपत्रावर सही घेतात आणि त्यात मृत्यूचा धोका लिहिलेला असतो. तो शब्द वाचून हात थरथरतो. आधीपासून ठरवलेल्या, बाकी प्रकृती ठीक असलेल्या बायपासमध्ये हा धोका साधारण शंभरात एक-दोन असतो. वय, किडनी, हृदयाची पंपिंगची ताकद यांनुसार तो वाढतो. आपल्या माणसाचा आकडा किती, हे सर्जन सांगू शकतात. सहीच्या वेळी नाही, त्याच्या आदल्या भेटीत विचारा.

अंगावर धातू ठेवत नाहीत, कारण ऑपरेशनमध्ये विजेवर चालणारी उपकरणं वापरतात आणि धातूखाली भाजू शकतं. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या उतरवायला बायका तयार होत नाहीत आणि रात्री दहाला वॉर्डात यावरून रडारड होते. घरूनच काढून ठेवलं तर तो प्रसंग येत नाही. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र मात्र नातेवाइकांनी जवळ ठेवावं. वयस्कर माणसं आयसीयूत दोन-तीन दिवस भ्रमिष्टासारखं बोलतात, ‘मला इथे कोंडलंय, पोलिसांना बोलवा’ म्हणतात. ते वेड नाही, बहुतेकांचं काही दिवसांत ओसरतं, आणि चष्मा लावून घरच्या माणसाचा चेहरा दिसला की लवकर ओसरतं.

आत नेल्यावर पहिला तासभर भूल, नळ्या, तयारी यातच जातो. चार तास सांगितलेले सात झाले म्हणजे काही बिघडलं असं नाही. संध्याकाळी एकाला आयसीयूत सोडतील तेव्हा पेशंटचा चेहरा सुजलेला, हात गार, तोंडात नळी असल्यामुळे बोलता न येणारा, कधी हात पट्टीने बांधलेले, असं दिसणार आहे. ते नेहमीचं आहे. आत कोण जाणार हे आधी ठरवा, आणि वॉर्डच्या कागदावर ज्याचा नंबर लिहिला आहे त्याच माणसाने फोन चार्ज करून ओटीबाहेर थांबावं.